सूर्यनारायणाचे चालू खाते

हवामानबदलावर व्याख्याने देणाऱ्या विद्वानांविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु वसंत व्याख्यानमालेपासून गणेशोत्सवाच्या मांडवापर्यंत जेथे जेथे ही व्याख्याने झाली तेथे तेथे सतरंजीवर अखेरपर्यंत बसून ती ऐकल्यानंतर आमचे असे प्रांजळ मत झाले आहे की, उत्तर ध्रुवावरील हिम वितळत असल्याच्या वार्तेने ज्याची झोप उडाली असा मध्यमवर्गीय गृहस्थ निदान मुळा-मुठेच्या तीरावर तरी अद्याप जन्मास यावयाचा आहे. पांढऱ्या अस्वलाचे छायाचित्र पडद्यावर झळकताच तो हळहळतो, आभारप्रदर्शन चालू असताना चपला हुडकू लागतो आणि घरी येऊन, पंखा पाचावर ठेवून, स्वस्थ निद्राधीन होतो. याच गृहस्थाच्या हाती महिनाअखेरीस विजेचे देयक पडू द्या, आणि त्यात एकूण वापर ३०० युनिटांची हद्द ओलांडून वरच्या, महागड्या दराच्या पायरीवर गेल्याचे त्याच्या ध्यानात येऊ द्या; मग न्हाणीघरातला दिवा कोणी जळत ठेवला, पाणी तापवण्याचे यंत्र कोणाच्या कारकिर्दीत अर्धा तास जास्त चालले, याची जी रीतसर चौकशी त्या घरात सुरू होते, तिच्यापुढे मामलेदार कचेरीतील पंचनामे फिके पडावेत.

यावरून आम्ही असा निष्कर्ष काढला आहे की, पृथ्वीचे रक्षण करावयाचे असेल तर मनुष्याच्या सद्गुणांवर फारशी भिस्त ठेवू नये. ते सणासुदीला बाहेर काढावयाचे जिन्नस आहेत. रोजच्या वापराला हिशेबीपणा, शेजाऱ्याविषयीची माफक असूया, आणि सरकारकडून काही मिळत असेल तर ते सोडू नये ही उपजत सावधगिरी, एवढेच गुण खरोखर टिकाऊ ठरतात. हा निष्कर्ष निराशेचा आहे असे कोणी समजू नये. ज्या कार्याला केवळ हिशेबीपणा आणि असूया पुरते, ते कार्य आपल्या समाजात अपयशी होण्याचा संभव फार कमी.

वास्तविक महाराष्ट्रातील घराघरांत सूर्यनारायण हा पिढ्यान्‌पिढ्या बिनपगारी राबत आलेला आहे. चैत्र-वैशाखात कुरडया, पापड, सांडगे आणि भरलेल्या मिरच्या वाळवाव्यात त्यानेच. आंब्याचा रस ताटांत पसरून त्याची पोळी करावी त्यानेच. पावसाळ्यापूर्वी गाद्या-गोधड्यांचा कुबट वास घालवावा आणि तान्ह्या बाळाच्या अंघोळीचे पाणी अंगणातल्या घंगाळात कोमट करावे, तेही त्यानेच. असे असूनही घरखर्चाच्या वहीत धोब्याचे पान असे, दूधवाल्याचे असे, वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोराचे असे. सूर्याचे पान कोणत्याही वहीत नसे. प्रातःकाळी ओंजळभर अर्घ्य दिले, आणि प्रकृती साथ देत असल्यास बारा नमस्कार घातले, की त्याचे सर्व येणे चुकते झाले असे समजण्याचा प्रघात होता.

त्याच्या नावे खाते उघडण्याचे काम अखेर परकीयांनी केले. सन १८३९ मध्ये एडमंड बेकरेल नावाच्या एकोणीस वर्षांच्या फ्रेंच युवकास, वडिलांच्या प्रयोगशाळेत खटपट करीत असता, काही पदार्थांवर प्रकाश पडला म्हणजे विजेचा प्रवाह उत्पन्न होतो असे आढळले. (आमच्याकडे एकोणिसाव्या वर्षी वडिलांच्या कोणत्याही वस्तूला हात लावल्यास काय उत्पन्न होते हे वाचकांस सांगणे नलगे.) प्रकाश धातूतून विद्युत्कण कसे उडवतो याची उपपत्ती आइन्स्टाइनने १९०५ साली मांडली आणि पुढे १९२१ सालचे नोबेल पारितोषिक त्यास सापेक्षतेसाठी नव्हे, तर मुख्यतः याच कामगिरीसाठी मिळाले. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनची पहिली व्यवहारोपयोगी सौरपट्टी जगापुढे ठेवली, तेव्हा पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे सहा टक्क्यांचीच वीज होत असे, आणि त्या विजेवर त्यांनी काय फिरवून दाखवले, तर खेळण्यातला एक लहानसा रहाटपाळणा. आजच्या पट्ट्यांतून वीस टक्के व त्याहूनही अधिक वसुली होते. पुढे १९७९ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारी ३२ सौरतावदाने बसवली. १९८६ मध्ये, त्यांच्यामागून आलेल्या रेगन यांच्या अमदानीत, छपराच्या दुरुस्तीच्या निमित्ताने ती उतरवली गेली, पुन्हा चढली नाहीत, आणि त्यांपैकी काही मेन राज्यातील एका महाविद्यालयाच्या भोजनगृहाचे पाणी तापवण्याच्या कामी लागली. सत्तांतर झाले की आधीच्याने लावलेले उखडावयाचे, ही रीत केवळ आमच्या नगरपालिकांची नव्हे हे वाचून आम्हांस समाधान वाटले.

आता हे खाते आमच्या आळीत कसे उघडले गेले ते सांगावयास हवे. आमच्या शेजारी एक निवृत्त कोषागार अधिकारी राहतात. सारी आळी त्यांना अप्पा म्हणते. सेवेत असताना साडेतीन रुपयांच्या प्रवासभत्त्यावरही ‘पावती जोडलेली नाही, सबब परत’ असा शेरा मारण्याबद्दल त्यांची जिल्हाभर ख्याती होती, आणि निवृत्तीनंतर खोलीतून शेवटचा मनुष्य बाहेर पडण्यापूर्वीच दिवा मालवण्याबद्दल ती आळीभर झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ जाहीर केली. एक कोटी घरे, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट व त्यापुढे एकूण ७८,००० रुपये अनुदान, असा तपशील होता. अप्पांनी ते परिपत्रक तांबडी पेन्सिल हातात धरून साद्यंत वाचले आणि त्यात एकही चूक न सापडल्यामुळे ते काही काळ अस्वस्थ झाले. तथापि तीन किलोवॅटचा संच दीड-पावणेदोन लाखांत बसतो, तो दिवसाकाठी सरासरी बारा युनिटे देतो, आणि ही बारा युनिटे देयकातील सर्वांत महागड्या पायरीवरची युनिटे आधी खाऊन टाकतात, हे गणित त्यांनी जुन्या पाकिटाच्या पाठीवर मांडले तेव्हा त्यांच्या मुद्रेवर जे तेज चमकले, ते ध्रुवावरील समस्त अस्वलांना एकत्र उभे करूनही चमकले नसते.

अडचण निघाली ती गच्चीची. दर किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट या हिशेबाने अप्पांना तीनशे चौरस फूट मोकळी, सावलीविरहित जागा हवी होती, आणि आमच्या आळीतील कोणत्याही गच्चीचा कागदोपत्री मालक कोणीही असो, वहिवाट ही घरच्या बाईची असते. काकूंनी सर्व योजना शांतपणे ऐकून घेतली आणि म्हटले, “अहो, सूर्य तुमच्या खात्यात आता येतोय. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तो माझ्या हाताखाली आहे. त्याची बदली माझ्या सहीवाचून व्हायची नाही.” अप्पांच्या उभ्या सेवाकाळात त्यांच्या प्रस्तावावर इतका बिनतोड आक्षेप कोणी घेतला नव्हता.

तडजोड घडवून आणली ती मोजमापासाठी आलेल्या एका तरुण अभियंत्याने, म्हणजे त्याच्या तोंडून निघालेल्या एका वाक्याने. पट्ट्या दक्षिणेकडे तोंड करून बसवाव्या लागतील आणि त्यांच्यापुढची सगळी पट्टी मोकळी ठेवावी लागेल, तेथे दिवसभरात सावलीचा लवलेश येता कामा नये, असे तो सांगत होता. काकूंनी लगेच विचारले, “दिवसभर ऊन? नक्की?” त्याने नक्की म्हणून सांगितल्यावर काकूंनी ती पट्टी कुरडयांसाठी मुक्रर केली, लोखंडी सांगाडा माणूस सहज वावरेल इतका उंच करावयास लावला, आणि त्याखाली पावसाळ्यात कपडे वाळत घालण्यासाठी तारा ओढण्याचा हुकूम सोडला. अभियंत्याच्या नकाशात तारा नव्हत्या. आता तो प्रत्येक घरी आपण होऊन तारांची सूचना करतो असे ऐकतो. हवामानबदलावरील परिषदांना जाणाऱ्या शिष्टमंडळांत अशी एखादी काकू असती, तर ठरावांचे मसुदे पुष्कळ लवकर अंतिम झाले असते अशी आमची समजूत आहे.

संच बसला, उलटसुलट दोन्ही दिशांनी मोजणारे नवे मीटर आले, आणि अप्पांच्या भ्रमणध्वनीत, सूर्याने क्षणाक्षणाला किती काम केले त्याचा हजेरीपट दिसू लागला. त्या दिवसापासून अप्पांच्या वृत्तीत जो पालट झाला तो धर्मांतरासारखाच म्हणावा लागेल. पूर्वी ज्येष्ठाच्या आरंभी तेही इतर पुणेकरांप्रमाणे खिडकीशी उभे राहून ढगांची आर्जवे करीत. आता आकाशात ढग दिसला की खिशातून पैसे गेल्याच्या मुद्रेने ते त्याच्याकडे पाहतात. भर मे महिन्यात तरी सूर्य कामाचा उच्चांक करील अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु या पट्ट्यांची क्षमता २५ अंश तपमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे पट्टी जसजशी तापते तसतशी दर अंशामागे शेकडा ०.३ ते ०.४ इतकी वीज कमी होते. त्यामुळे आग ओकणाऱ्या वैशाखातील उत्पन्न, निरभ्र आणि बेताच्या उन्हाच्या फाल्गुनाच्या मानाने काही विशेष वाढत नाही, हे कळल्यावर अप्पा म्हणाले, “ठाऊक होतं मला. वरिष्ठ फार तापले की कचेरीचं काम मंदावतंच.”

याच सुमारास नारळाचे प्रकरण उद्भवले. पट्ट्या एकापुढे एक जोडलेल्या असल्यामुळे एकीवर सावली पडली तरी तिच्या ओळीतील इतरांचेही काम रोडावते. आणि पलीकडच्या बंगल्यातील वकीलसाहेबांच्या नारळाची झावळी रोज सकाळी तासभर अप्पांच्या कोपऱ्यातील पट्टीवर विसावत असे. अप्पांनी ‘विषय : आपल्या नारळाच्या सावलीमुळे होणारे महसुली नुकसान’ असे पत्र जावक क्रमांकासह धाडले. वकीलसाहेबांनी परतटपाली उत्तर दिले की, वृक्ष गेली कित्येक वर्षे जागचा हललेला नाही, हलतो तो सूर्य. सबब आपली तक्रार त्याजविरुद्ध योग्य त्या न्यायासनापुढे दाखल करावी. पत्रव्यवहार बराच वाढला. अखेर कोपऱ्यातील पट्टी दोन हात सरकवण्यात आली. मात्र त्या पत्रव्यवहाराच्या निमित्ताने वकीलसाहेबांना दरमहा किती युनिटांचे ‘नुकसान’ होते, म्हणजेच एरवी किती युनिटांचा लाभ होतो, हे तारीखवार कळले. आणि दिवाळीच्या आत त्यांच्याही छपरावर सांगाडा उभा राहिला. तो अप्पांच्या सांगाड्याहून किंचित मोठा आहे.

अप्पांच्या वैभवाला खरा तडा गेला तो एका गुरुवारी. दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज बंद होती. आकाश निरभ्र, ऊन रणरणते, छपरावर तीन किलोवॅट सज्ज, आणि खाली दिवाणखान्यात वीजनिर्माते स्वतः वर्तमानपत्राने वारा घेत बसलेले! साऱ्या आळीने ते दृश्य येऊन-जाऊन पाहिले. कारण सरळ आहे. जाळ्याला जोडलेला असा संच बाहेरची वीज गेली की आपण होऊन थांबतो. तो थांबला नाही, तर त्याची वीज बंद तारांत उतरेल आणि खांबावर चढलेल्या कामगाराच्या जिवावर बेतेल. बॅटरी जोडल्यास अंधार टळतो, पण खर्च चढतो. अप्पांना हे समजावून सांगितल्यावर ते क्षणभर स्तब्ध राहिले आणि मग, ज्या मनुष्याने आयुष्यभर पावतीवाचून पैसा सोडला नाही त्याच्या तोंडी शोभणार नाही इतक्या मृदू स्वरात, “मग हे बरोबर आहे,” असे म्हणाले. त्यांनी वारा घेणे मात्र चालूच ठेवले.

यानंतर मार्च आला. जास्तीची वीज जाळ्यात जाते, ती आपल्या नावे जमा होते, आणि ३१ मार्च रोजी आर्थिक वर्ष संपले की जी शिल्लक उरेल तिचे पैसे अगदी माफक दराने मिळतात. विकत घेताना जो दर आपण मोजतो, त्याच्याशी या दराची सोयरीक नाही. ही तरतूद वाचताच कोषागारातील जुना मनुष्य अप्पांच्या ठायी जागा झाला. मार्चअखेर अनुदान परत जाऊ द्यावयाचे नाही, हे ब्रीद त्यांनी तीस वर्षे दुसऱ्यांच्या बाबतीत हाणून पाडले होते; आता तेच त्यांनी स्वतः अंगीकारले. गॅसच्या शेगडीशेजारी विजेची शेगडी आली. काकूंनी पहिल्या आठवड्यात तिच्यावर फक्त दूध तापवले, दुसऱ्यात आमटी केली, आणि पुढे गॅसचे सिलिंडर पूर्वीहून बरेच दिवस पुरू लागल्यावर तिला ओट्यावर कायमची जागा दिली. पेट्रोलची दुचाकी जाऊन विजेवरची आली, आणि दुपारी बारा ते तीन या मुहूर्तावर ती अंगणात ‘उन्हाला लावलेली’ असते. ज्या गृहस्थाने जन्मभर दुसऱ्याच्या पाठीमागे दिवे मालवले, तो आता पाहुण्यास म्हणतो, “पंखा वाढवा ना, संकोच कसला!” या नव्या औदार्याचा अतिरेक होऊ नये अशी आमची इच्छा आहे, कारण फुकट म्हणून उधळलेली वीज ही काही बचत नव्हे, पण अप्पांकडे पंख्याचा वारा पोटभर मिळाला हे नमूद न करणे कृतघ्नपणाचे होईल.

असूयेविषयी आम्ही वर जे म्हटले ते केवळ आमचे निरीक्षण समजू नये. ब्रायन बोलिंजर आणि केनेथ गिलिंगहॅम या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी कॅलिफोर्नियातील छपरांचा अभ्यास करून २०१२ साली निबंध प्रसिद्ध केला, त्याचा आशय हाच की, एखाद्या टपालविभागात जितकी छपरे आधी झाकली गेली असतील तितकी पुढचे छप्पर झाकले जाण्याची शक्यता वाढते. म्हणजे ज्या गोष्टीचे ज्ञान आमच्या आळीला उपजतच आहे, ती सिद्ध करण्यास कॅलिफोर्नियाला आकडेशास्त्राची मदत घ्यावी लागली.

आळीच्या टोकाला सदनिकांची जी एक सहकारी इमारत आहे, तिच्यापर्यंत ही साथ पोहोचली तेव्हा मात्र प्रश्न बिकट झाला, कारण तेथे गच्ची सर्वांची, म्हणजे कोणाचीच नाही. उद्वाहन, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे यांच्या सामाईक मीटरसाठी अशा गृहसंस्थांना याच योजनेत दर किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. एवढे कळताच सर्वसाधारण सभा बोलावण्यात आली आणि गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब होऊन, नियमाप्रमाणे, त्याच सभासदांनिशी पुन्हा भरली. तळमजल्यावरील सभासदांनी हरकत घेतली की आम्ही उद्वाहन वापरत नाही. मधल्या मजल्यावरील एका सभासदाने विचारले की, पुढेमागे सूर्यप्रकाशावर कर बसला तर तो कोण भरणार. सर्वांत प्रखर विरोध होता तो शेवटच्या मजल्यावरील गृहस्थांचा, कारण आपल्या डोक्यावर काही उभे राहावे हे त्यांना मंजूर नव्हते. मात्र पट्ट्यांच्या सावलीमुळे खालचा स्लॅब उन्हाळ्यात कमी तापतो, ही गोष्ट कोणीतरी सहज बोलून गेले आणि पुढच्या पाच मिनिटांत तेच गृहस्थ ठरावाचे सूचक झाले. ठराव एका असहमतीच्या टिपणीसह संमत झाला. टिपणी तळमजल्याची होती. त्यांच्या नळाला येणारे पाणीही पंपानेच गच्चीवरील टाकीत चढते, हे इतिवृत्तात नोंदवण्याचे सौजन्य सचिवांनी दाखवले.

शहरातील आमच्यासारख्या रिकामटेकड्या मंडळींना सभा, हरकती आणि उपसमित्या यांत एवढा वेळ लागतो, तो खेड्यातील लोकांना परवडत नाही म्हणून की काय, सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी या लहानशा गावाने सगळीच्या सगळी घरे सौरविजेवर आणून २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम होण्याचा मान मिळवला. शेतकऱ्याच्या दृष्टीने तर या प्रश्नाला विनोदाची बाजूच नाही. शेतीपंपाची वीज पुष्कळ ठिकाणी रात्रीची येते, आणि तिच्यापायी त्याला विंचूकाट्यातून, बिबट्याच्या वाटेवरून, बॅटरीच्या उजेडात दारे धरावयास जावे लागते. सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ साली निघाली ती हे पाणी दिवसा देता यावे म्हणून. ज्याला रात्री घरी झोपावयास मिळू लागले, त्याला कर्बवायूचे प्रमाण समजावून सांगण्याची गरज उरत नाही, आणि त्याने ते समजून न घेतल्याने वातावरणाचेही काही बिघडत नाही.

तेव्हा वाचकांस आमची विनंती एवढीच की, पृथ्वीच्या भवितव्याबद्दल उद्विग्न होण्यापूर्वी त्यांनी आपल्या इमारतीच्या सामाईक मीटरची मागील बारा महिन्यांची देयके सचिवांकडून मागून घ्यावीत, एका निरभ्र दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर जाऊन टाकीची व शेजारच्या झाडांची सावली कोठवर येते ते खडूने आखून ठेवावे, आणि वाळवणाच्या जागेचा निकाल घरातील संबंधित अधिकाऱ्यांशी आधीच लावून टाकावा. अर्ज घरबसल्या संगणकावर भरता येतो. त्यासाठी लागणारा ग्राहक क्रमांक विजेच्या देयकावरच छापलेला असतो.